चिडाचं अंथरूण

डोमाजीला अख्ख्या परसवाडा भागात 'चीडवाला' म्हणत. चीड म्हणजे पाईनचं झाड, पानांऐवजी सुया असलेलं, थंड पहाडातलं. बालाघाट जिल्ह्यात त्या झाडाचं काही काम नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या डोंगरमाथ्यावर डोमाजीचंही काही काम नव्हतं. दोघांनाही आपली माती सोडून तिथं यावं लागलं. म्हणूनच असेल, दोघांचं जमलं.

डोमाजी मूळचा लालबर्ऱ्याकडच्या एका खेड्यातला. छप्पन साली दसऱ्याला तो आणि त्याची बायको शेवंता नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन बौद्ध होऊन आले. आठवडा झाला नाही तोच पटेलाचा बैल मेला, आणि ओढून न्यायचा निरोप नेहमीसारखा डोमाजीच्या दारी आला. डोमाजी स्वतः पटेलाच्या अंगणात जाऊन म्हणाला, "आता आमी हे काम नाही करत जी."

पटेल चार बुकं शिकलेला होता. तो ओरडला नाही, हसला. "धरम बदलला म्हणून हात बदलतात का रे, डोमा? तुमच्या हाती दुसरं काही देऊन पाहा म्हणा कोणाले. वाटोळं नाही झालं तं मले सांगजो."

शिवी दिली असती तर डोमाजी विसरला असता. शिव्यांची त्याला सवय होती. हे वाक्य मात्र काट्यासारखं आत गेलं आणि तिथंच राहिलं. पुढं त्यांना गावातलं दुकान बंद झालं, चक्की बंद झाली, भाताच्या रोवणीला बोलावणंही बंद झालं. दीड वर्ष काढून नवराबायकोनं गाव सोडलं. तेंदूपत्ता तोडला, भरवेलीच्या खाणीत मॅंगनीजचे टोपले उचलले, आणि बासष्ट साली परसवाड्याच्या पुढं सात मैलांवर, डोंगरावरच्या जंगल खात्याच्या रोपवाटिकेत डोमाजी रोजंदारीवर लागला. खात्यानं तिथं एक कुडाची खोली दिली. शेवंता म्हणाली, "इथं तं कोणी इचारतच नाही जी, आपण कोण म्हणून." विचारायला होतं कोण? सांबरं आणि वानरं.

त्याच साली वरून हुकूम आला. कागदाच्या कारखान्यांना लांब धाग्याचं लाकूड हवं, म्हणून गरम मुलखात वाढणारी चिडाची जात इथं लावून पाहायची. पत्र्याच्या डब्यांतून परदेशी बी आलं. बी कसलं, कोंबडीच्या दाण्याएवढंही नाही. वाफे झाले, बी उगवलं, रोपं वीतभर झाली आणि पिवळी पडून थांबली. खत घातलं, पाणी वाढवलं, कमी केलं. पालथ्या घड्यावर पाणी. नाकेदार घनश्याम, म्हणजे तिथला जंगलरखवालदार, हा तसा सज्जन मनुष्य होता, पण त्यानंसुद्धा हात टेकले. "डोमा, हे गोऱ्या साहेबाचं झाड आहे. याले आपली माती नाही लागत."

ते बोलणं त्याच्या नकळत खरं निघालं. उन्हाळ्यात एक अधिकारी दोन पोती घेऊन आला. उत्तरेकडच्या पहाडातल्या जुन्या चिडांखालची ती माती होती, अर्धवट कुजलेल्या सुयांसकट. म्हणाला, चिडाच्या मुळांना एक प्रकारची बारीक बुरशी लागते. ती मुळांना धरून राहते, त्यांना जमिनीतलं अन्न मिळवून देते. ती या मातीतून येईल. डोमाजीला बुरशीचं काही कळलं नाही. बुरशी म्हणजे भाकरीवर येते ती. ती कशाला कोणाचं भलं करेल? पण त्यानं मूठ मूठ माती प्रत्येक रोपाच्या पायाशी दिली, आणि दोन महिन्यांत वाफे असे हिरवेगार झाले की घनश्याम सायकल टाकून धावत बघायला आला.

डोमाजीनं त्यातून आपला अर्थ काढला, "चिडाले चिडाचंच लागते." धानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला तो अर्थ पटण्यासारखाच होता. शेतातलं शेतात गेलं पाहिजे, तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, सडून पुन्हा मातीत मिळाली पाहिजे, हे तिथं लहान पोरालाही ठाऊक असतं.

पासष्ट सालच्या पावसाळ्यात चारशे रोपं वाटिकेजवळच्या उतारावर लागली. लोक त्या जागेला 'चीडप्लाट' म्हणू लागले. डोमाजी रोज सकाळी खराटा घेऊन निघायचा. झाडाखाली गळून पडलेल्या सुया गोळा करायचा, टोपल्यात भरायचा आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती हातभर रुंद गादी अंथरायचा. त्याला तो 'अंथरूण घालणं' म्हणे. उन्हाळ्यात त्यानं ओल टिकायची, गवत दबायचं. वरचे साहेब यायचे, ते अंथरूण बघायचे, म्हणायचे, "वाह, क्या सफाई है!" कोणी डोमाजीला नाव विचारायचा, कोणी त्याच्या मागं मागं चालत प्रश्न विचारायचा. बाहेरून आलेला माणूस विचारी, "इधर चीड की जानकारी किसको है?" आणि घनश्याम बोट दाखवी डोमाजीकडं.

हे सुख काय होतं ते ज्यानं भोगलं त्यालाच कळावं. त्याच्या बापजाद्यांनी जे केलं ते जन्मानं अंगावर पडलेलं होतं. हे काम त्याच्या आधी त्या जिल्ह्यात कुणीच केलं नव्हतं, त्यामुळं या कामाला जात नव्हती. चारशे झाडं जगली की पटेलाच्या त्या वाक्याला उत्तर मिळणार होतं. डोमाजी हे कोणापाशी बोलला नाही, पण शेवंताला माहीत होतं. ती त्याला चिडवायची, "माह्यापरीस त्या सुयाच जास्त गोंजारता जी तुमी."

अडुसष्टचा पावसाळा लांबला. डोंगरावर महिनाभर ढग बसून राहिले. श्रावण सरता सरता डोमाजीला खालच्या फांद्यांवरच्या सुयांवर पिवळे पट्टे दिसले. आठ दिवसांत पट्टे तपकिरी झाले, टोकं वाळली, आणि वाळल्या भागावर शाईचे ठिपके मारावेत तसे बारीक काळे दाणे उठले. मग सुया गळू लागल्या. आधी खालच्या, मग वरच्या.

खात्यानं मोरचूद आणि चुना पाठवला. मोरचुदाचं पाणी वेगळं, चुन्याचं वेगळं, मग दोन्ही एकत्र. मिश्रणात विळ्याचं पातं बुडवायचं. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला समजायचं. डोमाजी हे इतक्या निगुतीनं करी की त्याचे हात कोपरापर्यंत निळे झालेले असत. फवारा मारला की रोग दबायचा. पाऊस आला, औषध धुऊन गेलं की पुन्हा उठायचा. आणि सुया तर ढिगानं गळत होत्या. इतक्या सुया, इतकं अंथरूण! झाडं आजारी आहेत, त्यांना जास्त पोषण पाहिजे, असा डोमाजीचा हिशेब. बाळंतिणीला आपण घालत नाही का दोन घास जास्त? त्यानं गादी दुप्पट जाड केली. एक सुई वाया जाऊ दिली नाही.

दुसऱ्या वर्षी रोग पहिल्यापेक्षा लवकर आला. तिसऱ्या वर्षी त्याहून लवकर. सत्तरच्या पावसाळ्यापर्यंत चारशेतली अडीचशे झाडं मेली होती, आणि उरलेल्यांच्या शेंड्याला चार-चार सुया राहिल्या होत्या. डोमाजीचं जेवण तुटलं. तो झाडांमधून फिरे तो माणूस घरातल्या आजाऱ्याकडं बघत फिरतो तसा, काही विचारलं तर अंगावर येई. "औषधच खोटं आलं आहे," म्हणे. कधी म्हणे, "पाणीच बाधून राह्यलं." एकदा शेवंता नुसतं एवढंच म्हणाली, की नाल्याच्या कडेची झाडं तरी बरी दिसतात. त्यावर तो वसकन ओरडला, "तुले काय समजते?"

पण ती खरं बोलली होती. प्लाटच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या कडेवर, खडकाळ उतारावर अकरा झाडं होती. तिथं अंथरूण टिकायचं नाही. डोमाजीनं पहिल्या वर्षी दोन-तीनदा घातलं, पावसानं नाल्यात वाहून नेलं, म्हणून त्यानं तो नाद सोडला होता. सावत्र लेकरांसारखी ती झाडं कडेला उभी होती. रोग त्यांनाही लागला होता. त्यांच्याही सुया गळल्या होत्या. पण दर वर्षी त्यांनी नवी पालवी काढली आणि ती टिकवली.

दिवाळीच्या सुमारास झाडांच्या रोगांचा जाणकार आला. लोक त्याला 'झाडाचा डॉक्टर' म्हणाले. ठेंगणा, चष्मेवाला, मृदू बोलणारा माणूस. परसवाड्याचे रेंजर साहेब आणि घनश्याम मागं, डोमाजी आणखी मागं. डॉक्टरनं एक सुई तोडून भिंगाखाली धरली आणि भिंग डोमाजीच्याच हातात दिलं. "देखो, तुम भी देखो."

आणि तो सांगू लागला. डोमाजी भिंगातून बघत ऐकत होता. चिडाची सुई साधी नसते. तिच्यावर मेणाचा थर असतो, पावसाचं पाणी त्यावर ठरत नाही. श्वास घ्यायला तिला बारीक भोकं असतात आणि त्या भोकांच्या तोंडाशीही मेण असतं, रोगाचं बी आत शिरू नये म्हणून. तरी शिरलंच, तर झाड त्या जागेभोवती कडू, तुरट रस भरतं आणि तेवढा तुकडा स्वतःच मारून टाकतं. हा तपकिरी पट्टा तोच. तेही पुरलं नाही, तर झाड अख्खी सुई सोडून देतं. रोगट सुई अंगावर ठेवत नाही, जमिनीवर फेकतं.

"और ज़मीन पर असली ख़तरा है," डॉक्टर म्हणाला. "इन काले दानों में बीमारी का बीज है। बारिश की बूँद नीचे पड़ती है, छींटा उड़ता है, बीज वापस पेड़ पर। इसलिए गिरी हुई सुइयाँ जलानी चाहिए।"

समोर, झाडाच्या पायाशी, त्यानं स्वतःच्या हातानं घातलेली वीतभर जाडीची गादी होती. तीन वर्षं झाड रोग फेकत होतं, आणि तीन वर्षं तो सगळा रोग टोपल्यात भरून, नीट, हातभर रुंद, झाडाच्या पायाशी आणून ठेवत होता.

डॉक्टरनं बुटानं गादी उकरली. "यह इतनी मोटी तह कैसे है? कोई बिछाता है क्या?"

घनश्यामनं डोमाजीकडं पाहिलं. रेंजर साहेबांनीही पाहिलं. काय सांगायचं होतं ते सोपं होतं. मी घालतो साहेब, आणि नाल्याकडच्या अकरा झाडांना घालत नाही, ती बघा, ती जगली आहेत. एवढं बोलला असता तर डॉक्टर नाल्याकडं गेला असता, भिंग लावून बसला असता, आणि शे-दीडशे झाडं अजून वाचण्यासारखी होती. पण डोमाजीच्या कानात त्या वेळी डॉक्टरचा आवाज नव्हताच. लालबर्ऱ्याकडच्या अंगणातलं ते हसणं होतं. तुमच्या हाती दुसरं काही देऊन पाहा म्हणा.

"नाही साहेब," डोमाजी म्हणाला, "अपने आप गळती हैं."

घनश्यामला खरं माहीत होतं, पण डोमाजीला उघडं पाडायला त्याची जीभ वळली नाही. डॉक्टरनं मान हलवली. त्याच्या हिशेबानं मग एकच गोष्ट उरत होती. सुया आपोआप गळून इतक्या साचत असतील, तर इथल्या दमट हवेत रोगाचा जोर एवढा आहे की झाडाची राखण त्यापुढं तोकडी पडते. तो तसं बोललाही. "यहाँ की आबोहवा में ये पेड़ अपना बचाव नहीं कर पाते." संध्याकाळच्या आत जीप खाली उतरून गेली.

झाडांनी आपलं काम चोख केलं होतं. बदनाम झाडंच झाली.

डोमाजी दहा दिवस प्लाटकडं फिरकला नाही. अकराव्या दिवशी सकाळी त्यानं खराटा घेतला, अंथरूण उकरून काढायला लागला आणि मध्येच खाली बसला. शेवंता लाकडं घेऊन येत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं मोळी खाली टाकली.

"मंग सांगून टाका साहेबाले."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन का डोमाजीनं चूक केली. माणूस नाही का चुकत?"

"आपण चुकलो तं एक माणूस नाही चुकत, शेवंता. अख्खी जात चुकते."

तरी ती म्हणाली, "झाडं तं वाचतीन."

तो त्याच दिवशी सात मैल चालत परसवाड्याला रेंजच्या कचेरीत गेला आणि उभ्या उभ्या सगळं बोलला. अंथरूण, पोत्यातली माती, नाल्याकडची अकरा झाडं, सगळं. रेंजर साहेबांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो, दमलेला होता.

"रिपोर्ट तो चली गई, डोमा. उसमें आबोहवा लिखी है." मग जरा हसून म्हणाला, "तू आबोहवा है क्या?"

कारकूनही हसला. डोमाजी म्हणाला, निदान ती अकरा झाडं तरी बघा साहेब. साहेब म्हणाले, अकरा झाडांसाठी वर पत्र लिहू? आणि काय लिहू, की एका मजुरानं पालापाचोळा टाकला म्हणून सरकारची योजना बुडाली? कोण मानेल? उलट मलाच विचारतील, तू काय करत होतास. वरातीमागून घोडं घेऊन आलास, आता घरी जा.

माघात हुकूम आला. प्लाट साफ करायचा, सगळी झाडं तोडून जाळायची, रोग पसरू नये म्हणून एकही ठेवायचं नाही, आणि पावसाळ्यात तिथं साग लावायचा. मेलेली आणि मरायला टेकलेली झाडं मजुरांनी दोन दिवसांत आडवी केली. नाल्याकडच्या अकरांपाशी येऊन मजूर थबकले, कारण ती हिरवीगार होती, दोन पुरुष उंच. "हे बी?" एकानं घनश्यामला विचारलं. घनश्यामनं कागद दाखवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण कागदावर 'सगळी' असं लिहिलं होतं.

डोमाजीनं त्या मजुराच्या हातातून कुऱ्हाड घेतली. ती अकरा झाडं त्यानं स्वतः तोडली, एक एक करून, सकाळपासून दुपार टळेपर्यंत. कुणाला हात लावू दिला नाही. मारायचीच तर आपल्या हातानं, एवढंच त्याला वाटलं. पेटवल्यावर ओली झाडं तडतडत होती आणि धूर खालच्या गावापर्यंत गेला होता.

साग लावायला त्यानं नकार दिला. नवराबायको बालाघाटला आले, बौद्ध वस्तीत एक खोली घेतली, आणि डोमाजी पुन्हा भरवेलीला टोपले उचलायला जाऊ लागला. वस्तीतल्या लोकांना त्याच्याबद्दल भारी आदर. जंगल खात्याच्या मोठमोठ्या साहेबांना ज्यानं झाडं शिकवली असा आपला माणूस! चिडाचा विषय निघाला की कोणीतरी मायेनं म्हणायचंच, "हवामानच नव्हतं बापा, तू काय करशीन?" त्या मायेनं डोमाजी रोज थोडा थोडा मरत होता. दोष दिला असता तर त्याला सहन झालं असतं.

त्र्याहत्तर साली दीक्षेच्या दिवशी वस्तीत सभा झाली. जुनं काम सोडून नव्या कामात नाव काढलेल्या तीन माणसांचा सत्कार ठेवला होता. एक मास्तर, एक रेल्वेतला फिटर, आणि डोमाजी. शेवंताच्या भावाचा मुलगा खेमराज शाळेत शिकवायचा, त्यानं भाषण केलं. मोठं सुंदर बोलला. म्हणाला, "ज्या हातांना फक्त मेलेली ढोरं ओढायचं काम दिलं होतं, त्या हातांनी परदेशातली झाडं या मातीत रुजवली. ती जगली नाहीत ती हवामानामुळं. पण डोमाजी फुफांनी आपल्याकडून कसूर केली नाही." पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. डोमाजीच्या गळ्यात झेंडूचा हार पडला, आणि कोणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला.

डोमाजी उभा राहिला. त्यानं समोर पाहिलं. सगळे आपलेच होते. इथं हसणारं कोणी नव्हतं, इथं सांगता येणार होतं.

"हवामान चांगलं होतं," तो म्हणाला. "झाडं बी चांगली होती. आपलं रक्षण करून राह्यलती. मीच मारली ती. माह्या हातानं. आन् साहेबानं इचारलं तवा मी खोटं बोललो."

मग खेमराजचे डोळे भरून आले. तो माइकपाशी आला आणि म्हणाला, "पाहा, याले म्हणतात मोठेपणा. दुसऱ्याचा दोष बी हा माणूस आपल्या अंगावर घेते."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आधीपेक्षा कितीतरी जास्त. काही जण उभे राहिले. डोमाजी जसजसा हात हलवून नाही नाही म्हणत होता, तसतशा टाळ्या वाढत होत्या. बायकांमध्ये बसलेली शेवंता तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती पदर तोंडाशी धरून त्याच्याकडं बघत होती. मग खेमराजनं त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.